वर्गनामांचा बुद्धिभेद आणि आपले नौदल

१५ जानेवारी २०२५ रोजी मुंबईच्या नौदल गोदीत 'सुरत', 'निलगिरी' आणि 'वाघशीर' या तीन युद्धनौका एकाच समारंभात राष्ट्राला अर्पण करण्यात आल्या. तिन्ही माझगाव गोदीत बांधलेल्या. प्रत्येक भारतीयाची मान ताठ व्हावी असाच तो दिवस होता. दूरचित्रवाणीच्या वाहिन्यांनी दिवसभर सांगितले की, 'सुरत' ही विनाशिका आहे, 'निलगिरी' ही फ्रिगेट आहे आणि 'वाघशीर' ही पाणबुडी आहे. पाणबुडी म्हणजे काय, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु विनाशिका आणि फ्रिगेट यांत फरक तो कोणता, हा प्रश्न निवेदकांना पडला नाही आणि त्यांचे निवेदन ऐकणाऱ्या आपल्यालाही पडला नाही.

हा प्रश्न विचारून पाहा. 'सुरत'चे वजन सुमारे ७,४०० टन, तर 'निलगिरी'चे सुमारे ६,६७० टन. दोहोंवर विमानवेधी 'बराक-८' क्षेपणास्त्रे प्रत्येकी ३२. 'ब्रह्मोस' क्षेपणास्त्रे 'सुरत'वर १६, 'निलगिरी'वर ८. म्हणजे विनाशिका थोडी मोठी आणि अधिक मारक, असे म्हणावे काय? तसे म्हणावे तर आपल्याच नौदलातील 'राजपूत' आडवी येते. १९८० साली दाखल झालेली आणि मे २०२१ मध्ये निवृत्त झालेली 'राजपूत' अखेरच्या दिवसापर्यंत विनाशिका म्हणूनच ओळखली गेली. तिचे वजन मात्र पाच हजार टनांच्या घरात होते. आजची फ्रिगेट कालच्या विनाशिकेहून दीड हजार टनांनी जड आहे. आणखी एक गंमत पाहा. याच माझगाव गोदीत बांधलेली पहिली 'निलगिरी' ३ जून १९७२ रोजी नौदलात आली. तीही फ्रिगेटच होती आणि तिचे वजन तीन हजार टनांच्या आत-बाहेर होते. नाव तेच, गोदी तीच, वर्गनामही तेच आणि जहाज मात्र दुपटीहून मोठे!

कोणी म्हणेल, या तांत्रिक बाबी नौदलाच्या अधिकाऱ्यांवर सोपवाव्यात, सामान्य नागरिकाला त्यांच्याशी काय कर्तव्य? आमचे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. नौदलाच्या अधिकाऱ्याला जहाजाचे पोट ठाऊक असते, त्यामुळे पाटीवर काय लिहिले आहे याने त्याचे काही बिघडत नाही. पाटीवर विसंबून राहतो तो नागरिक, पत्रकार आणि संसदेत संरक्षण खर्चाच्या मागण्यांवर हात वर करणारा लोकप्रतिनिधी. ज्याच्या मतावर नौदलाचा पैसा आणि राष्ट्राचे सागरी धोरण ठरते, त्याच्याच डोळ्यांत वर्गनामांची धूळ जाते.

शब्द जुने, वस्तू नव्या

ही वर्गनामे आली कोठून? शिडांच्या जहाजांच्या काळात ब्रिटिश आरमारात तोफांच्या संख्येवरून जहाजांच्या प्रती ठरत. शंभर आणि त्याहून अधिक तोफांचे जहाज पहिल्या प्रतीचे, चौऱ्याहत्तर तोफांचे तिसऱ्या प्रतीचे, अशी ती उतरंड होती. फ्रिगेट ही त्या उतरंडीच्या खालच्या पायरीवरील, चपळ, टेहळणी करणारी नौका. ही व्यवस्था निदान मोजता येण्यासारखी होती. तोफा मोजा आणि प्रत सांगा, इतके ते सोपे होते. तरीही पाटी बदलण्याचे प्रकार तेव्हाही होतच. आपल्या मुंबईत वाडियांच्या हातून १८१७ साली सागवानी लाकडात घडलेली 'त्रिंकोमाली' हे ४६ तोफांचे फ्रिगेट. पुढे वरच्या तोफा उतरवून त्याच जहाजाला ब्रिटिशांनी कार्वेट ठरवले. ते जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे जतन करून ठेवलेले आहे. मुंबईच्या कारागिरांचे सागवान टिकले, पण पाटी टिकली नाही.

वाफेचे युग आले, तोफांची संख्या निरर्थक ठरली आणि शब्द मोकाट सुटले. विनाशिका हा शब्दच पाहा. पाणतीर सोडणाऱ्या छोट्या नौकांचा विनाश करण्यासाठी १८९० नंतरच्या दशकात जी जहाजे बांधली गेली, ती 'पाणतीर नौकांच्या विनाशिका'. पुढे 'पाणतीर नौका' गळून पडल्या, उरली नुसती 'विनाशिका'. १८९३ साली पाण्यात उतरलेली 'हॅवॉक' ही अशा पहिल्या विनाशिकांपैकी एक. तिचे वजन जेमतेम पावणेतीनशे टन होते. आज त्याच शब्दाखाली अमेरिका पंधरा हजार टनांची 'झुमवॉल्ट' चालवते. फ्रिगेट हा शब्द तर मध्यंतरी अडगळीत पडला होता. दुसऱ्या महायुद्धात व्यापारी तांड्यांच्या राखणीसाठी ब्रिटिशांनी जी जहाजे बांधली, त्यांच्यासाठी तो पुन्हा झटकून बाहेर काढण्यात आला.

स्वातंत्र्यानंतर हे सगळे गाठोडे जसेच्या तसे आपल्या दारी आले. जहाजाच्या कुशीवर रंगवलेल्या क्रमांकाआधीचे अक्षर पाहा. विनाशिकेला 'डी', फ्रिगेटला 'एफ', विमानवाहू नौकेला 'आर', सैन्य उतरवणाऱ्या नौकेला 'एल' ही ब्रिटिश रीत आपण उचलली. पुढे सोव्हिएत जहाजे आली, तेव्हा त्यांची 'प्रकल्प' क्रमांकांची रीतही आपण घेतली आणि 'प्रकल्प १५', 'प्रकल्प १७', 'प्रकल्प ७५' अशी नावे रूढ झाली. त्याहून कडी म्हणजे १९८६ पासून रशियाकडून आलेल्या 'सिंधुघोष' वर्गाच्या पाणबुड्यांना आपली वृत्तपत्रे सर्रास 'किलो' म्हणत आली. हे नाव ना रशियाचे, ना आपले. ज्या नाटो संघटनेचे आपण कधी सदस्य नव्हतो, तिने शत्रूच्या पाणबुड्या ओळखण्यासाठी दिलेले ते सांकेतिक अक्षर आहे. पैसा आपला, पाणबुडी आपली, तिच्यात प्राण पणाला लावणारे नौसैनिकही आपलेच. नाव मात्र तिसऱ्यानेच ठेवलेले!

करार आणि पळवाटा

केवळ शब्द उसने आहेत, एवढीच तक्रार असती तर आम्ही हा लेखनप्रपंच केला नसता. खरा मुद्दा पुढेच आहे. ज्यांनी ही वर्गनामे निर्माण केली, त्यांनी ती कधीही निव्वळ वर्णन म्हणून वापरली नाहीत. ती त्यांच्या राजकारणाची हत्यारे होती व आहेत.

१९२२ च्या वॉशिंग्टन कराराने क्रूझरच्या वजनाला दहा हजार टनांची आणि तिच्या तोफांना आठ इंचांची मर्यादा घातली. १९३० च्या लंडन कराराने ६.१ इंच तोफेची रेषा ओढून क्रूझरचे 'जड' आणि 'हलकी' असे दोन भाग केले. जपानची जड क्रूझर बांधण्याची मर्यादा संपली होती. मग जपानने काय केले? १९३५ साली 'मोगामी' ही ६.१ इंचांच्या पंधरा तोफांची 'हलकी' क्रूझर बांधली. कराराचे बंधन सरताच त्या तोफा उचलून त्यांच्या जागी आठ इंचांच्या दहा तोफा बसवल्या. जर्मनीने तेच केले. व्हर्सायच्या तहात दहा हजार टनांची मर्यादा होती, म्हणून अकरा इंची तोफांची जहाजे नुसती 'चिलखती जहाजे' या सोज्वळ नावाने बांधली. १९४० साली त्यांनाच 'जड क्रूझर' म्हणण्यात आले.

हे सारे हुकूमशाही राष्ट्रांचे उद्योग, असे समजून समाधान मानण्याचे कारण नाही. लोकशाहीचा डांगोरा पिटणाऱ्या राष्ट्रांची कथा निराळी नाही. १९६६ मध्ये ब्रिटिश सरकारने नव्या विमानवाहू नौकेची योजना रद्द केली. 'विमानवाहू नौका' हा शब्दच लंडनच्या राजकारणात निषिद्ध झाला. तेव्हा तेथील नौदलाने 'सलग सपाट छताची क्रूझर' हवी असल्याचे सांगून पैसा मिळवला. हीच 'क्रूझर' म्हणजे 'इन्व्हिन्सिबल'. १९८२ च्या फॉकलंड युद्धात तिच्यावरून लढाऊ विमाने उडाली.

अमेरिकेचा प्रकार तर याहून सरळ होता. १९७५ पर्यंत अमेरिकी नौदलात विनाशिकेहून मोठ्या जहाजाला फ्रिगेट म्हणत, उर्वरित जगात विनाशिकेहून लहान जहाजाला. सोव्हिएत संघाकडे क्रूझर अधिक आणि आपल्याकडे थोड्या, ही 'क्रूझरची तफावत' अमेरिकी राजकारण्यांना छळू लागली. उपाय काय? ३० जून १९७५ रोजी बहुतेक अमेरिकी फ्रिगेटच्या पाट्या बदलून त्यांवर 'क्रूझर' लिहिण्यात आले. एक खिळाही न ठोकता तफावत भरून निघाली!

सोव्हिएत संघाने तुर्कस्तानच्या सामुद्रधुन्यांबाबतच्या १९३६ च्या माँत्रो करारावर असाच तोडगा काढला होता. त्या करारात विमानवाहू नौकांना वाट मिळण्याची सोय नव्हती. म्हणून काळ्या समुद्रात बांधलेल्या 'किएव्ह'ला 'विमानवाहक क्रूझर' म्हटले गेले आणि १९७६ मध्ये ती इस्तंबूलच्या देखत भूमध्य समुद्रात गेली. तिच्यावर जड क्षेपणास्त्रे होती, हे खरे. तेव्हा क्रूझर हा शब्द सर्वस्वी खोटा नव्हता, एवढे मान्य केले पाहिजे. याच कुळातील पुढची नौका 'बाकू', नंतरची 'अ‍ॅडमिरल गोर्श्कोव्ह'. ती आपण घेतली, तिच्या नाळेवरची क्षेपणास्त्रे काढून विमानांच्या उड्डाणासाठी उतार बसवला आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये ती 'विक्रमादित्य' म्हणून आपल्या नौदलात दाखल झाली.

आपला मित्र जपान आजही हा खेळ खेळतो. त्याच्या संविधानाचे नववे कलम आक्रमक सैन्यबळाला मनाई करते. म्हणून मार्च २०१५ मध्ये दाखल झालेली 'इझुमो' ही 'हेलिकॉप्टरवाहू विनाशिका' ठरली. या विनाशिकेची लांबी २४८ मीटर, म्हणजे आपल्या निवृत्त 'विराट' विमानवाहू नौकेहूनही अधिक! २०१८ च्या अखेरीस जपानने तिच्यावर एफ-३५ बी विमाने नेण्याचा निर्णय जाहीर केला. विनाशिकेची पाटी त्यानंतरही लगेच पुसली गेली नाही.

जुगारगृहाची विमानवाहू नौका

आता आपल्या शेजाऱ्याकडे वळू. सोव्हिएत संघ कोसळला, तेव्हा युक्रेनमधील मिकोलाईव्ह गोदीत 'वर्याग' हे अर्धवट बांधलेले प्रचंड धूड पडून होते. १९९८ मध्ये मकावमध्ये नोंदलेल्या एका कंपनीने ते दोन कोटी डॉलरला विकत घेतले. सांगितलेले कारण असे की, त्याचे तरंगते हॉटेल व जुगारगृह करायचे आहे. तुर्कस्तानने बराच काळ वाट अडवली, अखेर वाट दिली. २००२ मध्ये ते ओढत ओढत चीनमधील दालियन बंदरात पोहोचले. पुढची दहा वर्षे तेथे जुगाराचे एकही टेबल मांडले गेले नाही. २५ सप्टेंबर २०१२ रोजी 'लिआओनिंग' या नावाने चीनच्या नौदलात पहिली विमानवाहू नौका दाखल झाली.

एकाच जहाजाच्या या तीन पाट्या पाहा. सोव्हिएत दप्तरात 'क्रूझर', खरेदीपत्राच्या गोष्टीत 'जुगारगृह' आणि चिनी नौदलात 'विमानवाहू नौका'. पोलाद एकच. ज्यांनी पोलाद पाहिले ते २००२ मध्येच सावध झाले. ज्यांनी पाटी वाचली त्यांना दहा वर्षांनी जाग आली.

चीनची '०५५' ही नवी जहाजे बारा हजार टनांच्या पुढची आहेत. चीन त्यांना विनाशिका म्हणतो, तर अमेरिका क्रूझर म्हणते. उद्या आमच्या एखाद्या विश्लेषकाने 'चीनच्या इतक्या विनाशिका, आमच्या इतक्या' असा तक्ता काढला, तर त्यात एका बाजूला बारा हजार टनांचे जहाज आणि दुसऱ्या बाजूला सात हजार टनांचे जहाज एकास एक धरले जाईल. आकडा बरोबर, पण हिशेब चुकलेला. अशा तक्त्यांवर राष्ट्राचा विश्वास बसू देणे हा बुद्धिभेद आहे.

पांढऱ्या रंगाची जहाजे

तक्त्यात मुळी न येणाऱ्या जहाजांचा धोका तर याहून मोठा. चिनी तटरक्षक दलाची जहाजे पांढऱ्या रंगाची असतात. 'तटरक्षक' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर तस्करांचा पाठलाग करणारी गस्ती नौका येते. चीनकडे मात्र दहा हजार टनांहून मोठी तटरक्षक जहाजे आहेत. आपली कोणतीही विनाशिका एवढी मोठी नाही. २०१८ मध्ये हे दल चीनच्या सशस्त्र पोलीस दलामार्फत केंद्रीय लष्करी आयोगाच्या आज्ञेखाली गेले. २०२१ च्या कायद्याने त्याला शस्त्रे वापरण्याची मुभा मिळाली. रंग पांढरा, आज्ञा मात्र लष्कराची.

आणि 'संशोधन नौका'? १६ ऑगस्ट २०२२ रोजी 'युआन वांग ५' श्रीलंकेच्या हंबनटोटा बंदरात लागली. २०१७ पासून हे बंदर ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने चिनी कंपनीच्या हाती आहे. उपग्रह आणि क्षेपणास्त्रे यांचा मागोवा घेणारी ही नौका तेव्हा चिनी सैन्याच्या सामरिक साहाय्य दलाकडे होती. चीनने तिला वैज्ञानिक संशोधनाचे वस्त्र नेसवले. ऑक्टोबर २०२३ मध्ये 'शी यान ६' कोलंबोला आली. श्रीलंकेने २०२४ या वर्षापुरती परकीय संशोधन नौकांना बंदी केली, तेव्हा फेब्रुवारी २०२४ मध्ये 'शियांग यांग हाँग ०३' मालदीवमध्ये माले येथे जाऊन उभी राहिली.

समुद्राच्या पाण्याचे तापमान, क्षारता आणि तळाची उंचसखलता मोजणे हे वरवर निरुपद्रवी विज्ञान आहे. परंतु पाण्याखाली आवाज कसा व किती दूर जाईल, हे याच तीन गोष्टींवर ठरते. आवाज कसा जातो हे ज्याला कळले, त्याला पाणबुडी कोठे लपवावी आणि शत्रूची पाणबुडी कोठे शोधावी हेही कळते. 'वाघशीर' आणि 'अरिहंत' ज्या पाण्यात वावरणार, त्या पाण्याचा नकाशा काढणारे जहाज निःशस्त्र आहे म्हणून निरुपद्रवी मानायचे काय? आपलेही नौदल सर्वेक्षण करते. फेब्रुवारी २०२४ मध्ये दाखल झालेली 'संधायक' ही सर्वेक्षण नौकाच आहे. पण ती नौदलाचा ध्वज लावून, नौदलाची म्हणूनच जाते.

या बाबतीत आंतरराष्ट्रीय कायदा आपल्या विश्लेषकांपेक्षा शहाणा आहे. १९८२ च्या सागरी कायदा करारातील २९ व्या कलमात युद्धनौकेची व्याख्या दिली आहे. तिच्यात टनांचा उल्लेख नाही, तोफांचाही नाही. जहाज राष्ट्राच्या सशस्त्र दलाचे असावे, त्यावर राष्ट्राची बाह्य चिन्हे असावीत, त्याची आज्ञा शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे असावी आणि खलाशी लष्करी शिस्तीखाली असावेत, एवढेच ती म्हणते. थोडक्यात, कायदा पहिला प्रश्न विचारतो तो असा : आज्ञा कोणाची? आम्ही मात्र पहिला प्रश्न विचारतो : पाटीवर काय लिहिले आहे?

हा प्रश्न न विचारण्याची किंमत मुंबईने मोजली आहे. १९९३ मध्ये रायगडच्या किनाऱ्यावर शेखाडीला स्फोटके उतरली. २००८ च्या नोव्हेंबरात पोरबंदरची 'कुबेर' ही मासेमारी नौका पाकिस्तानी अतिरेक्यांनी बळकावली, तिच्या तांडेलाला ठार केले आणि तिच्यातूनच ते मुंबईपर्यंत आले. 'कुबेर'ची पाटी शंभर टक्के खरी होती. ती खरोखरच मासेमारी नौका होती. बदलले होते ते तिच्या सुकाणूवरचे हात.

'खुक्री'चा धडा

आपल्याच नौदलाच्या इतिहासात याचे दोन दाखले आहेत. एक अभिमानाचा, दुसरा काळीज चिरणारा. दोन्ही १९७१ च्या डिसेंबरातले, अवघ्या पाच दिवसांच्या अंतराने घडलेले.

४ डिसेंबरच्या रात्री 'निपात', 'निर्घात' आणि 'वीर' या तीन क्षेपणास्त्र नौका कराचीवर चालून गेल्या. या नौका जेमतेम अडीचशे टनांच्या आत-बाहेरच्या होत्या. सोव्हिएत संघाने त्या किनाऱ्याच्या राखणीसाठी बनवल्या होत्या. वर्गनामाच्या उतरंडीत त्या तळाला होत्या, 'जहाज' म्हणवण्याचाही त्यांचा अधिकार नव्हता. आपल्या नौदलाने पाटी वाचली नाही, क्षेपणास्त्राची पोच पाहिली. या नौका मोठ्या जहाजांनी ओढत दूरवर नेल्या आणि शत्रूच्या दारात सोडल्या. 'निर्घात'ने पाकिस्तानची 'खैबर' बुडवली. 'खैबर'ची पाटी होती विनाशिका. बभ्रुभान यादव यांच्या नेतृत्वाखालील त्या 'नौकां'चा पराक्रम म्हणून आज ४ डिसेंबर हा नौदल दिन आहे.

९ डिसेंबरच्या रात्री दीवच्या जवळ समुद्रात 'खुक्री' पाकिस्तानी पाणबुडी 'हँगोर'च्या शोधात होती. 'खुक्री'ची पाटी होती पाणबुडीविरोधी फ्रिगेट. परंतु हे फ्रिगेट कोणत्या प्रतीचे? ज्या ब्रिटिशांनी हा वर्ग आखला, त्यांनीच त्याला 'दुय्यम प्रतीचे' म्हटले होते. १९५० नंतरच्या काटकसरीच्या काळात स्वस्तात बांधलेली, बाराशे-चौदाशे टनांची, एकाच मळसूत्री पंख्याची ती जहाजे. 'हँगोर'ला दूरवरचे ऐकू येत होते. 'खुक्री'च्या शोधयंत्राची पोच त्यापुढे तोकडी होती. शिकारी म्हणून गेलेले जहाज सावज ठरले. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक सागरार्पण झाले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला आपल्या जहाजाबरोबर गेले.

'खुक्री' वर्गनामामुळे बुडाली, असे आम्ही म्हणणार नाही. तसे म्हणणे त्या वीरांवर अन्यायाचे होईल. युद्धात हाताशी असेल ते घेऊन लढावे लागते आणि ते लढले. पण त्याआधीच्या शांततेच्या वर्षांत दिल्लीच्या दप्तरांत 'आपल्याकडे पाणबुडीविरोधी फ्रिगेट आहेत' ही ओळ वाचून कोणाचे समाधान झाले असेल काय, हा प्रश्न प्रत्येक करदात्याने स्वतःला विचारावा. पुढे १९८९ मध्ये माझगाव गोदीतून नवी 'खुक्री' आली. वजन जवळजवळ जुनीइतकेच, तेराशे-चौदाशे टन. अंगावर क्षेपणास्त्रे. तरीही तिची पाटी होती कार्वेट, म्हणजे जुन्या 'खुक्री'हून एक पायरी खाली. अधिक मारक जहाजाला कनिष्ठ वर्गनाम! ही नवी 'खुक्री' डिसेंबर २०२१ मध्ये निवृत्त झाली आणि आज दीवमध्येच स्मारक म्हणून उभी आहे.

आज्ञापत्राची दृष्टी

जहाजांचे वर्ग कशावरून ठरवावेत, हे आपल्याला पश्चिमेकडूनच शिकावे लागते असे नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमाराचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात पाच गुराबा आणि पंधरा गलबते मिळून एक सुभा करावा, अशी व्यवस्था सांगितली आहे. गुराब म्हणजे दोन किंवा तीन डोलकाठ्यांचे, जड तोफांचे, उथळ पाण्यात शिरणारे जहाज. मोठी गुराब सुमारे तीनशे टनांची. गलबत बहुधा सत्तर टनांच्या आतले, चाळीस-पन्नास वल्ह्यांचे. वारा पडला की गलबतांनी गुराबेला ओढत न्यावे, गुराबेने तोफा डागाव्यात आणि शत्रू खिळखिळा झाला की गलबतांनी चढाई करावी. प्रत्येक वर्गाला काम नेमून दिलेले, आणि पाचास पंधरा हे प्रमाण त्या कामावरून ठरलेले.

त्याहून लक्षणीय गोष्ट ही की, आज्ञापत्रात 'फरगात' हा शब्द आहे. पोर्तुगीज 'फ्रागाता' म्हणजेच फ्रिगेट. अमात्यांना परक्यांचे हे जहाज ठाऊक होते. त्याच्या रुबाबाने ते दिपले नाहीत. वाऱ्यावाचून जे हलत नाही ते आपल्या कामाचे नाही, तरांडी फार थोर नकोत आणि फार लहानही नकोत, असा त्यांचा निवाडा आहे. आपला किनारा कसा, आपल्या खाड्या किती खोल, आपला शत्रू कोण आणि आपल्या कोळ्या-भंडाऱ्यांचे कसब कोणते, हे पाहून जहाजाची प्रत ठरवावी, ही ती दृष्टी होय.

२ सप्टेंबर २०२२ रोजी 'विक्रांत'च्या सोहळ्यात नौदलाच्या ध्वजावरील सेंट जॉर्जचा क्रूस गेला आणि शिवछत्रपतींच्या मुद्रेवरून स्फुरलेले अष्टकोनी चिन्ह आले. ४ डिसेंबर २०२३ रोजी सिंधुदुर्गावर नौदल दिन साजरा झाला, तेव्हा अधिकाऱ्यांच्या स्कंधचिन्हांना आणि पदनामांना भारतीय परंपरेचे रूप देण्याची घोषणा झाली. दोन्ही गोष्टींनी आम्हांला मनस्वी आनंद झाला. परंतु आपल्याच माणसांना एक स्पष्टपणे सांगितले पाहिजे. उद्या फ्रिगेटची पाटी उतरवून तेथे 'गुराब' लिहिले आणि गुराब म्हणजे काय हे ठरवलेच नाही, तर आपण फक्त पाटीचा रंग बदलला असे होईल. महाराजांचे आरमार नावांनी मोठे झाले नाही, नेमक्या विचाराने झाले.

मग करावे काय?

पहिली गोष्ट, नौदलाने आपल्या वर्गनामांच्या व्याख्या एका पानात मावतील अशा शब्दांत प्रसिद्ध कराव्यात. काम कोणते, वजन किती ते किती, शस्त्रे कोणती, या तीन कसोट्या पुरेत. कोणी म्हणेल, याने गुपिते फुटतील. उपग्रहांच्या युगात शत्रूला आपल्या जहाजाची लांबी-रुंदी ठाऊक नाही असे ज्यांना वाटते, त्यांच्या भाबडेपणाला नमस्कार! हे ज्याला ठाऊक नाही असा एकच जण आहे, तो म्हणजे भारतीय नागरिक.

दुसरी गोष्ट, संसदेत जहाजांच्या संख्येबरोबर एकूण वजन आणि क्षेपणास्त्रांची संख्याही मांडली जावी. एक विनाशिका निवृत्त होऊन एक आली की संख्या जुळते, बळ वाढले की घटले ते कळत नाही.

तिसरी गोष्ट, शेजारी राष्ट्रांशी बोलताना 'संशोधन नौका' या शब्दावर वाद घालत बसू नये. नौकेची आज्ञा कोणाकडे आहे आणि तिने जमवलेली माहिती कोणाच्या हाती जाते, हे दोन प्रश्न कोलंबो आणि माले यांच्याशी होणाऱ्या समझोत्यांत स्वच्छ लिहून घ्यावेत.

चौथी गोष्ट पत्रकारांसाठी. परकीयांचे तक्ते उतरवून काढण्यापूर्वी त्यातील प्रत्येक नावापुढे टनांचा आकडा लिहावा. अर्धे गैरसमज तेवढ्यानेच गळून पडतील.

संयुक्त कवायतींसाठी जगाला कळणारी अक्षरे लागतात, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. कुशीवरची 'डी' आणि 'एफ' खुशाल राहोत. मलबार कवायतीत सहकाऱ्यांशी बोलताना त्यांची भाषा वापरावी. पण घरचा हिशेब घरच्या मापाने व्हावा. कोणी असेही म्हणेल की, सगळीच राष्ट्रे पाट्यांचा खेळ खेळतात, मग आपणच सोवळे का राहावे? आम्ही तसे म्हणत नाही. 'अरिहंत'ची बांधणी आपणही वर्षानुवर्षे 'प्रगत तंत्रज्ञान नौका' या मोघम नावाखाली चालवली आणि ते योग्यच झाले. शत्रूला चकवणे ही राजनीती आहे. स्वतःलाच चकवून घेणे मात्र आत्मघात होय.

वाचकांना एकच विनंती. पुढच्या नौदल दिनी गेटवेसमोर उभ्या असलेल्या जहाजांकडे बोट दाखवून आपल्या मुलाने विचारले की हे कोणते जहाज, तर 'फ्रिगेट' एवढे सांगून थांबू नका. ते किती टनांचे, त्यावर काय आहे, ते कोणाशी कशासाठी लढेल, हे शोधून सांगा. दीवच्या समुद्रात विसावलेल्या त्या १९४ जणांचे आपल्यावर एवढे ऋण आहे.